मामाजींसोबत रायपूर, मामाजींसोबत नागपूर

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा भागात मुलगी द्यायची ठरली की आधी घरची मोठी माणसं मुलाचं घर पाहून येतात. घर पाहायचं म्हणजे भिंती पाहायच्या नसतात. विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का, गोठ्यातले बैल स्वतःचे की शेजाऱ्याकडून आणून बांधलेले, चुलीपाशी किती बायका आहेत आणि त्या एकमेकींशी बोलतात की नाही, हे सगळं चहा पिता पिता हेरायचं असतं. या कामात आमचे मामाजी पंचक्रोशीत नावाजलेले. एकदा एका घरी धानाची ढोली काठोकाठ भरलेली दाखवली, तेव्हा मामाजींनी सहज बोलता बोलता बाही वर करून हात खांद्यापर्यंत आत घातला. वर वीतभर धान होतं, खाली सगळी तणस, नुसता भाताचा पेंढा. तेव्हापासून मामाजींनी पाहिल्याशिवाय आमच्या नात्यात कुणाची सोयरीक होत नाही.

माझी सोयरीक निघालेली नव्हती. मला बारावीनंतर कान आणि वाचेच्या उपचारांचं शिक्षण घ्यायचं होतं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे कान तपासायचे, यंत्र बसवून द्यायचं, लहान मुलं असली तर त्यांना बोलायला शिकवायचं, असं ते काम. जागा दोन ठिकाणी मिळत होती, रायपूरला आणि नागपूरला. चार वर्षं तिथं काढायची आणि पहिली नोकरीही बहुतेक तिथंच धरायची, म्हणजे तारुण्याचा मोठा तुकडा त्या शहराच्या नावावर करायचा. आठवड्याच्या आत एक जागा पक्की करायची होती.

बाबूजींचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कल रायपूरकडे. तिथं मामीजींचं माहेर आहे, म्हणजे आपलं माणूस आहे. नागपुरात आमचं कुणी नाही. शिवाय माझा एक चुलतभाऊ शिकायला नागपूरला गेला तो तिथून पुण्याला गेला, आणि आता पोळ्याला फोनवर तोंड दाखवतो. नागपूर माणसं ठेवून घेतं, असं बाबूजींचं पक्कं मत. मला मात्र नागपूर हवं होतं. का, ते तेव्हा मला धड सांगता आलं नसतं. तिथल्या दवाखान्यात फार रोगी येतात एवढं ऐकून होते, आणि न पाहिलेल्या नागपूरवर माझा जीव बसला होता.

बाबूजींचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, अर्धा बाकी होता. मामाजींकडे बोअरवेल, त्यामुळे त्यांच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, रोवून मोकळ्या झाल्या होत्या. बाबूजी म्हणाले, मामाजींना घेऊन दोन्ही शहरं पाहून या, ते म्हणतील ते खरं. मामाजींनी धुवट धोतर नेसलं, टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला. मी विचारलं, इतके कशाला नटलात? तर म्हणाले, सोयरिकीला जातात तसं जावं लागतं. मी हसले. ते हसले नाहीत, आणि पुढचे चार दिवस मला त्याचा अर्थ कळत गेला.

रायपूर

सालेकशाहून गाडी निघाली की जंगल अगदी खिडकीला घासून जातं. दरेकशाच्या बोगद्यात डब्यातली सगळी पोरं ओरडली, त्यांच्यात माझाही आवाज होता. डोंगरगडला टेकडीवरचं मंदिर दिसलं तेव्हा मामाजींनी टोपी काढून नमस्कार केला. राजनांदगावपासून डब्यात छत्तीसगढी बोलणारे इतके झाले की आमची झाडीबोली कधी बाजूला पडली आणि आम्हीही तसंच बोलायला लागलो, ते समजलंच नाही. आमच्याकडे भाषा बदलायला स्टेशन लागत नाही.

मामीजींच्या भावाचं रायपुरात हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांच्या घरी फरे केले होते. तांदळाच्या पिठाचे बोटाएवढे मुटके वाफवून, वर तीळ-मिरचीची फोडणी, सोबत भाजलेल्या टमाटरची चटणी. मी हात धुवून बसले. मामाजी मात्र ताटाकडे पाहत उभे. तेव्हा मला त्यांचा नियम कळला. सोयरीक पाहायला गेलं की चहा घ्यायचा, सुपारी घ्यायची, पण ताटावर बसायचं नाही. ताटावर बसलं म्हणजे होकार दिला. आता इकडे आड, तिकडे विहीर: न जेवावं तर सासुरवाडी रागावणार, जेवावं तर रायपूर पक्कं होणार. शेवटी त्यांनीच तोड काढली. ही सोयरीक माझी, ती कधीच झाली, तेव्हा या घरचं जेवण माझ्या खात्यावर. मग त्यांनी फऱ्यांचा जो समाचार घेतला तो पाहून मामीजींच्या भावाने आणखी पीठ भिजवायला सांगितलं.

कॉलेज शहराबाहेर, रुंद रस्त्यावर. इमारत नवी कोरी. फरशीत तोंड दिसत होतं. एका मुलीने आम्हाला सगळीकडे फिरवलं, शुद्ध हिंदीत, न थकता. कान तपासायच्या आवाजबंद खोल्या, काचेआडची यंत्रं, होस्टेलमध्ये दोघींत एक खोली आणि प्रत्येकीला स्वतःची खिडकी. मी खरं सांगते, त्या खिडकीपाशी मी विरघळले. घरी आमची खिडकी तीन भावंडांत वाटलेली आहे. शिवाय चार वर्षं झाली की त्यांच्याच केंद्रात नोकरी, असंही ती म्हणाली. मनात आलं, कशाला हट्ट धरावा नागपूरचा?

मामाजींनी नळाचं पाणी ओंजळीत घेऊन पिऊन पाहिलं. गोड होतं. स्वयंपाकघर पाहिलं, स्वच्छ होतं. मग ते रोग्यांच्या बसायच्या खुर्चीवर टेकले, तर खुर्ची करकरली. तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मामाजींनी विचारलं, मरीज कहां हैं? त्या मुलीने सांगितलं, मरीज अभी कम हैं, धीरे धीरे आएंगे. बिचारीने काही लपवलं नाही. बाहेर चहावाल्यालाही मामाजींनी आडून आडून विचारलंच. तोही म्हणाला, नया है, चल जाएगा.

मला वाटलं, आता मामाजी हात खांद्यापर्यंत घालून तणस बाहेर काढणार. पण ते खूश होते.

"नवं घर हाय," परतताना ते म्हणाले. "सासू नाई, नणंद नाई. पोरगी सुखात राहीन."

खिडकी मलाही आवडली होती आणि ती रिकामी खुर्चीही डोळ्यांपुढून हटत नव्हती.

आपल्याच गावावरून

रायपूरहून नागपूरला जाणारी एक्स्प्रेस सालेकशाला थांबत नाही. आपलं गाव आपल्याला न विचारता मागे टाकून जाते. मामाजी दारात उभे राहून स्टेशन येण्याची वाट पाहत होते. आलं आणि गेलं. रोवणाऱ्या बायका वाकलेल्या दिसल्या, कुणाची बांधी ते ओळखू आलं नाही. मामाजी बराच वेळ जागेवर येऊन बसले नाहीत. बसले तेव्हा एवढंच म्हणाले की गावावरून असं जाणं बरं नाही. बाबूजींनाही हेच भेव होतं, हे मला तेव्हा दिसलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा राग न येता त्यांची कणव आली.

गोंदियाला मी प्लॅटफॉर्मवर उतरून पाणी भरून घेतलं. मायने दिलेल्या सुवाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या पुऱ्या, अजून शिल्लक होत्या. नागपूर पाहून होईतो त्याच खायच्या, असं ठरलेलं होतं.

नागपूर

उतरलो ती जागा म्हणजे रोग्यांच्या नातेवाइकांची धर्मशाळा. सकाळी बाहेर आलो तर समोरच तर्री-पोह्याची गाडी. लाल तर्रीचा तो वास! मी मामाजींकडे पाहिलं. त्यांनी बराच विचार करून निकाल दिला: पोहे म्हणजे नाश्ता, तो चालेल; तर्री पडली की ते जेवण होतं, ते चालणार नाही. नागपुरात उभी राहून मी कोरडे पोहे खाल्ले. गाडीवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी आयुष्यात विसरणार नाही.

होस्टेल जुनं. एका खोलीत तिघी, खिडकी एक, तीही भिंतीकडे उघडणारी. मामाजींनी पाणी चाखलं आणि थुंकलं. खारं. जिन्यावर मुलींचे वाळत घातलेले कपडे, खाली मेसमध्ये भांड्यांचा दणदणाट. मेस चालवणाऱ्या बाईंनी आग्रह केला, काका, दोन घास खाऊन जा. मामाजींनी हात जोडून नाही म्हटलं. त्यांचा चेहरा मी ओळखते. एखाद्या घराला नकार द्यायचा असला की ते असे फार गोड होतात.

कॉलेज दवाखान्याच्याच आवारात, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून वर आलो आणि मी थबकले. सगळा वऱ्हांडा माणसांनी भरलेला. बाकं भरलेली, भिंतीला टेकून बसलेले, पायऱ्यांवर बसलेले. आणि आवाज ओळखीचे! कुणी पवारीत बोलत होतं, कुणी आमच्यासारखं झाडीत, कोपऱ्यात गोंडी, पलीकडे बालाघाटची हिंदी. चार दिवस परक्या गावांतून फिरत होते, आणि इथं दुसऱ्या मजल्यावर मला सालेकशाचा आठवडी बाजार भेटला.

मामाजी मात्र गर्दी पाहून आणखीच हिरमुसले. म्हणाले, इथं सासू, नणंदा, जावा, सगळं भरून हाय. ते वऱ्हांड्यात बसले आणि तिथं शिकवणाऱ्या मॅडमना भेटून ये, असं मला सांगितलं. मॅडम पन्नाशीच्या, घाईत होत्या. म्हणाल्या, बोलायला वेळ नाही, पण पाहायचं तर कोपऱ्यात बस.

आत आमच्या शेजारच्या देवरीच्या पलीकडून आलेलं एक जोडपं होतं. माणूस जंगलकामावर जाणारा, बायको त्याच्यासोबत तेंदूपत्ता तोडणारी. त्यांची चार वर्षांची मुलगी, मनू, हिला त्याच आठवड्यात दोन्ही कानांना यंत्रं बसवली होती. आता तिला ऐकू येतं का, ते पाहायचं होतं. मॅडम तिच्या मागून कधी डमरू वाजवत, कधी घंटी. मनू समोरच्या लाकडी ठोकळ्यांवर मान घालून बसलेली. एकदाही वळली नाही. सारखे तेच आवाज, पोरगी कंटाळली असेल, असं मॅडम आईला समजावत होत्या. पण आईचं तोंड उतरत चाललं होतं.

इतक्यात बाहेरून मामाजींनी हाक मारली. मला उशीर झाला, मी गर्दीत हरवले असं त्यांना वाटलं. मामाजींचा आवाज म्हणजे चार बांध्या पलीकडच्या माणसाला बोलवायचा आवाज; तो त्यांनी नागपुरातही बदलला नव्हता.

"चेतनाऽऽऽ!"

सगळा वऱ्हांडा गप्प झाला. लाजेने मी अर्धी झाले. आणि तेवढ्यात पाहते तर मनूने हातातला ठोकळा खाली ठेवला होता आणि ती दाराकडे वळून पाहत होती.

आईने तोंडावर हात घेतला. मॅडम उठून ताडताड बाहेर गेल्या, कोण ओरडलं म्हणून विचारलं. मामाजी उभे राहिले, टोपी हातात घेतली.

"चुकलं जी. माहा आवाजच तसा हाय."

"तसाच राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "आत या."

मग मामाजींना पोरीच्या मागे उभं केलं. आधी दाराबाहेरून, मग दारातून, मग खोलीत. आधी मोठ्याने, मग बेताने, मग त्याहून हळू. उजवीकडून, डावीकडून. "मनू... ए मनू..." प्रत्येक हाकेला मॅडम बोटाने खुणावत, अजून हळू, अजून हळू. मनूला हा खेळ इतका आवडला की ती वळायची आणि खदखदून हसायची. शेवटची हाक मामाजींनी घरात शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी मारली. मामाजींना इतकं हळू बोलता येतं हे मामीजींनाही ठाऊक नसेल. मनू वळली. तिचा बाप दुपट्ट्याने तोंड पुसत बाहेर गेला. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि त्या कोपऱ्यात बसून मला लख्ख कळलं की नागपूरवर माझा जीव का बसला होता. मला हेच करायचं होतं, याच माणसांसाठी.

मॅडमना मी पुढचं विचारून घेतलं. शेवटच्या वर्षी गोंदिया, गडचिरोलीकडे शिबिरांना जावं लागतं, म्हणाल्या. जायला मुली तयार नसतात, तू तयार असशील तर पुढे कामाची ददात नाही. मी म्हटलं, माझं तर घरच तिकडे आहे.

बाहेर आले तर मामाजी दिसेनात. शोधत शोधत वऱ्हांड्याच्या टोकाला गेले. तिथं मनूच्या आईने फडकं सोडून भात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे मांडले होते, मनू मामाजींच्या मांडीवर बसली होती, आणि मामाजी मनसोक्त जेवत होते. त्यांचा शेवटचा घास घेऊन होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"मामाजी," मी म्हटलं, "तुम्ही जेवलात."

त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हा देवरीचा भात हाय. नागपूरचा नोहे."

"बसलात कुठी पण?"

कितीतरी सोयरिकींचा निवाडा करणारा माणूस, पण स्वतःच्याच नियमात असा सापडलेला मी कधी पाहिला नव्हता. बोटांवरची शितं झाडत मामाजी म्हणाले, "पाणी खारं हाय."

"हाय."

"खोलीत वारा नाई."

"नाई."

"मंग काऊन पायजे तुले हेच?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. "रायपूरले मी चांगली राहीन, मामाजी. पण इथं मी कामी येईन. आपलेच लोक येऊन राहिले इथं. त्यायले पाहाले आपलं कोणी नोको का?"

त्यांनी मनूला आईकडे दिलं, हात धुतले, आणि मला काही न सांगता जिना उतरायला लागले. मी मागे. मला वाटलं रागावले, आता थेट स्टेशन. ते थेट होस्टेलच्या मेसमध्ये शिरले. पोट भरलेलं असूनही पाटावर बसल्यासारखे ताठ बसले आणि त्या बाईंना म्हणाले, ताट वाढा, माझंही आणि हिचंही. होकार द्यायचा तर नीट द्यावा. बाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी भात, वरण, वांग्याची भाजी वाढली. मामाजी सगळं जेवले. उठताना त्यांनी बाईंना हात जोडले आणि विहिणीला म्हणतात तसं म्हटलं की आमची पोरगी आता तुमच्या घरची, सांभाळून घ्या. बाई गोंधळून म्हणाल्या, हो हो, दोन वेळचं जेवण आणि रविवारी गोड असतं.

परतताना त्याच पोह्याच्या गाडीवर मी तर्री मागून घेतली. वरून आणखी एकदा. नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी सोडली नाही.

बांधी

सालेकशाला उतरलो तेव्हा ऊन वर आलं होतं. घरी कुणी नव्हतं, सगळे रोवण्यावर. आम्ही तसेच शेताकडे निघालो. मामाजींचा शब्द खरा मानू, असं बाबूजी म्हणाले होते. पण तो रायपूरचा असेल असं धरूनच म्हणाले होते.

बाबूजी लांबच्या बांधीत, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी. मामाजी जवळ जाईपर्यंत थांबले नाहीत, धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, उभे राहिले. तिथूनच आवाज लावला.

"नागपूर पक्कं!"

साऱ्या बायका चिखलातून वर उभ्या झाल्या. एकीने विचारलं, कोणाची सोयरीक जी? मामाजींनी माझ्याकडे बोट केलं. आता चार गावांत बातमी जाणार होती, मागे घ्यायची सोय उरली नव्हती. मामाजींनी ते मुद्दाम केलं की सवयीने, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.

"तिथं आपलं कोण हाय?" बाबूजींनी तिकडून विचारलं.

"कोण नाई ते विचार. अर्धी देवरी तिथं लाइनीत बसून हाय."

बाबूजींनी जुडी सोडली नाही. वाकून आणखी दोन रोपं खोचली. मग मला म्हणाले, "उभी काऊन हाय? जायचं त जाय. पण हे बांधी रोवून जाय."

मी पदर खोचल्यासारखी ओढणी बांधली आणि उतरले. पिंडऱ्यांपर्यंत चिखल आला, आणि मला इतका आनंद झाला की मी पहिलं रोप तिरपं लावलं. बाबूजी सरकत सरकत माझ्या बाजूला आले. माझ्याकडे न पाहता, खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "वापस येशीन नं?"

"येईन, बाबूजी. सालेकशात कान तपासणारं कोणी हाय का?"

त्यांनी माझं तिरपं रोप उपटून सरळ लावलं. आमच्या पलीकडे रोवणाऱ्या काकूंनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, माझ्या सासूला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही, आधी तिला पाहजो. मागच्या ओळीतली म्हणाली, माझ्या पोराचा कान वाहतो. आणखी एकीने बापाचं नाव सांगितलं. रोवणा थांबला, सगळ्या माझ्याभोवती. मी काय सांगणार? मी अजून कॉलेजात पहिल्या दिवशीही गेले नव्हते.

माझ्या आधी बाबूजींनीच कंबर सरळ केली आणि त्यांना दटावलं. "गर्दी नोका करू. चार वर्सं थांबा लागन. मंग माही पोरगी इथंच बसन."